सास्तीचा कोळसा आणि कलादालनाची भिंत

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत आपल्याच सभागृहात दिलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे नीट करून लिहून दिले आहे. बोलण्याच्या ओघात आलेले काही शब्द तसेच ठेवले आहेत.)



सचिवसाहेबांनी मला भाषणाचं निमंत्रण दिलं तेव्हा त्यांची कल्पना अशी होती की मी 'निवृत्तीनंतरची गुंतवणूक' या विषयावर बोलेन. तो विषय मी कट्ट्यावर रोज फुकट बोलतो, त्यासाठी माईक कशाला पाहिजे? म्हणून मी सांगितलं, चित्रांवर बोलतो. ते जरा गप्प झाले. मग म्हणाले, "चालेल, पण थकबाकीवर शेवटी दोन शब्द बोला." ते मी आधीच बोलून टाकतो: ज्यांची देखभाल वर्गणी थकली आहे त्यांनी ती भरावी. झालं.

आता चित्रांकडे. मी चित्रकार नाही. बी.कॉम. झालो, बँकेत लागलो, बँकेतून निवृत्त झालो. शाळेत चित्रकलेच्या तासाला मी नारळ काढायचो तो बटाट्यासारखा दिसायचा. पण गेल्या काही वर्षांत एका माणसाच्या कामाने मला असं धरून ठेवलं आहे की ते तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही. शिवाय तो माणूस आपला आहे. पॅरिस-लंडनचा नाही, आपल्या चंद्रपूर जिल्ह्याचा, राजुरा तालुक्यातल्या सास्तीचा. प्रभाकर पाचपुते त्याचं नाव. ज्यांनी हे नाव आधी ऐकलंय त्यांनी हात वर करा. (चार हात वर झाले. त्यातला एक माझ्या नातीचा होता.)

बघा, हीच गंमत आहे. या माणसाचं काम ब्राझीलमध्ये साओ पावलोच्या बिनालेत २०१४ साली लागलं. २०२२ साली व्हेनिसच्या ५९व्या बिनालेत लागलं. बिनाले म्हणजे दर दोन वर्षांनी भरणारं मोठं आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शन, आणि व्हेनिसचं त्यातलं सगळ्यांत जुनं. तिथे आपल्या सास्तीचा माणूस जातो, आणि सास्तीहून अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर राहणाऱ्या आपल्या या सभागृहात चार हात वर होतात. यात तुमचा दोष नाही. हे असं का होतं, त्याबद्दलच मला बोलायचं आहे.

आधी सास्ती. बल्लारपूरहून वर्धा नदीचा पूल ओलांडला की राजुरा तालुका लागतो. जुन्या लोकांना माहीत आहे, हा भाग पूर्वी निजामाच्या राज्यात होता. जमीन काळी, कापसाची. आणि त्या काळ्या जमिनीच्या खाली आणखी काळा दगडी कोळसा. १९७३ साली कोळसा खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं, १९७५ साली वेकोलि स्थापन झाली, आणि मग आपल्या भागात खाणी वाढत गेल्या. भूमिगत खाण असते तेव्हा वरची जमीन निदान जमिनीसारखी दिसते. खुल्या खाणीत तसं नसतं. आधी वरची माती काढायची, ती बाजूला रचायची, मग कोळसा. त्या रचलेल्या मातीचे डोंगर होतात. आपण गाडीतून जाताना मुलं विचारतात, "आजोबा, हा कोणता डोंगर?" काय सांगणार? शेताचा डोंगर.

माझ्या नोकरीची काही वर्षं नदीपलीकडच्या एका शाखेत गेली. जमीन संपादित झाली की मोबदल्याचा धनादेश घेऊन बाप आणि मुलगा असे दोघे खातं उघडायला यायचे. बापाचा अंगठा, मुलाची सही. एका म्हाताऱ्याने मला विचारलेलं मी विसरू शकत नाही. म्हणाला, "सायेब, हे पैसे दरसाल येतीन ना?" त्याच्या हिशेबात जमिनीचं उत्पन्न दरसाल येतं, तर जमिनीच्या बदल्यात आलेले पैसेही दरसाल यायला पाहिजेत. मी त्याला मुदत ठेव समजावून सांगितली, व्याजाचा दर सांगितला. तो मान हलवत राहिला. पण त्याचा प्रश्न कोणत्याही व्याजदराने सुटणारा नव्हता, हे त्यालाही कळत होतं आणि मलाही. मुलगा मात्र खूश असायचा. त्याला खाणीत नोकरी लागणार असायची. काही महिन्यांनी तोच मुलगा पगार काढायला यायचा, तेव्हा त्याच्या बोटांच्या रेषांत कोळसा इतका मुरलेला असायचा की आमचा शिपाई म्हणायचा, याला अंगठा लावायला स्टॅम्प पॅड कशाला पाहिजे!

हे सगळं मी पाहिलं. आपल्यातल्या पुष्कळांनी पाहिलं. पण याचं काही चित्र होऊ शकतं असं आपल्या कोणाच्या मनात आलं नाही. ते आलं १९८६ साली सास्तीत जन्मलेल्या, तीन पिढ्या खाणीत राबलेल्या घरातल्या या मुलाच्या.

प्रभाकर शिकायला खैरागडला गेला. खैरागड आता छत्तीसगडमध्ये आहे, राजनांदगावच्या पुढे. तिथल्या राजाने आपला राजवाडा विद्यापीठाला दिला, आणि अकाली गेलेल्या मुलीच्या नावाने १९५६ साली इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय सुरू झालं. आपल्या झाडीपट्टीच्या माणसाला मुंबईच्या जे. जे. पेक्षा ते जवळचं. तिथून त्याने २००९ साली शिल्पकलेची पदवी घेतली, मग बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठातून २०११ साली पदव्युत्तर पदवी. आणि २०१२ साली, म्हणजे वय वर्षं २६, मुंबईत त्याचं पहिलं एकट्याचं प्रदर्शन झालं. जागा क्लार्क हाउस, कुलाब्याकडे जाताना रिगल सिनेमाच्या जवळ, समोर सहकारी भांडार. सहकाराचा आणि आपला संबंध कुठेही निघतो, बघा.

त्या प्रदर्शनाचं नाव होतं 'कॅनरी इन अ कोलमाइन'. कॅनरी हा एक छोटा पिवळा पक्षी. पूर्वी इंग्लंडच्या खाणींत कामगार पिंजऱ्यात हा पक्षी घेऊन खाली उतरायचे. कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला रंग नाही, वास नाही, माणसाला कळेपर्यंत उशीर होतो. पक्ष्याला आधी कळतं. तो कासावीस झाला, दांडीवरून पडला, की सगळ्यांनी वर पळायचं. ही पद्धत तिकडे थेट १९८६ सालापर्यंत चालू होती, म्हणजे आपला हा चित्रकार जन्मला त्या वर्षापर्यंत.

आता तो काढतो काय आणि कसं? तो कोळशाने काढतो आणि भिंतीवर काढतो. कॅनव्हास टांगून नव्हे. कलादालनाच्या पांढऱ्या भिंतीवर थेट, शिडी लावून. माणसापेक्षा मोठ्या आकृत्या. माणसाचं धड असतं आणि डोक्याच्या जागी खाणीतला दिवा, नाहीतर एखादं औजार किंवा यंत्राचा भाग. जमीन खाल्लेली, पोखरलेली. जनावरं असतात, पण त्यांचंही अंग कुठेतरी यंत्राशी जोडलेलं. माझ्या नातीने मला हे पहिल्यांदा लॅपटॉपवर दाखवलं तेव्हा मी म्हटलं, हे काय भुताटकी काढलीय? मग थोडा वेळ पाहत राहिलो आणि लक्षात आलं, यात भुताटकी काहीच नाही. रात्रपाळीला भूमिगत खाणीत उतरणाऱ्या माणसाकडे पाहा. चेहरा दिसतच नाही. टोपीवरचा दिवा तेवढा दिसतो. दिवाच चालत येतोय असं वाटतं. त्याने जे दिसतं तेच काढलंय.

इथे एक तांत्रिक गोष्ट सांगतो, कारण कट्ट्यावर यावरून वाद झाला होता. हा चित्रकलेचा कोळसा म्हणजे वेकोलिचा कोळसा नव्हे. दगडी कोळशाने कागदावर नीट रेघ उमटत नाही, खरवडल्यासारखं होतं. चित्राचा चारकोल हा लाकडाचा कोळसा. बारीक फांद्या हवा न लागू देता भाजून केलेला. आपल्याकडे लोणारी कोळसा म्हणतात त्याच जातीचा, फक्त नाजूक. म्हणजे जंगलाच्या कोळशाने तो जमिनीखालच्या कोळशाची गोष्ट सांगतो. आणि चंद्रपूर-गडचिरोली म्हणजे दुसरं काय? वर जंगल, खाली खनिज. या दोन्हींमध्ये अडकलेली माणसं. गडचिरोलीत सुरजागडच्या डोंगरात आता लोहखनिजाचं काम सुरू आहे. तिथल्या पोरांनाही उद्या कोणीतरी हेच प्रश्न विचारणार, शेत बरं की पगार?

आता माझ्यासारख्या हिशेबी माणसाला पहिला प्रश्न पडला तो असा. भिंतीवर चित्र काढलं, महिना-दोन महिने प्रदर्शन चाललं, मग पुढे? पुढे काही नाही. भिंतीला पांढरा रंग मारतात. पुढच्या चित्रकाराला भिंत कोरी पाहिजे ना. म्हणजे इतके दिवस शिडीवर उभं राहून केलेलं काम पुसलं जातं. फोटो राहतो. मी बँकेच्या भाषेत विचार केला, या मालमत्तेवर कर्ज कसं देणार? ती तारण ठेवता येत नाही, विकता येत नाही, हलवता येत नाही. मग पोट कशावर चालतं? नातीने सांगितलं की असे चित्रकार कागदावरची रेखाटनं करतात, कॅनव्हास करतात, शिल्पं करतात, ती विकली जातात. भिंत ही त्यांच्या कामाची ओळख असते. आमच्या ताळेबंदात 'नावलौकिक' म्हणून एक रक्कम दाखवतात, हात लावून दाखवता येत नाही पण सगळा धंदा तिच्यावर उभा असतो, तसंच काहीसं.

पण हा हिशेब झाला तरी प्रश्न राहतोच. एवढं मोठं, भिंतभर काम बंद दालनात कशाला? खुल्या भिंतीवर का नाही? सास्तीच्याच भिंतीवर का नाही? यावर मी पुष्कळ विचार केला आहे आणि माझी दोन मतं आहेत. ती एकमेकांशी पटत नाहीत, तरी दोन्ही सांगतो.

पहिलं मत असं की दालनात नेणं बरोबर आहे. सास्तीच्या माणसाला खाण दाखवायची गरज नाही, तो रोज बघतो. खाण दाखवायची ती ज्याच्या घरात बटण दाबलं की दिवा लागतो आणि तो दिवा कुठून येतो हे ज्याला माहीत नाही त्याला. आपल्या ऊर्जानगरच्या वीज केंद्राची क्षमता २९२० मेगावॉट आहे. ती वीज कुठे जाते? राख कुठे राहते? मुंबईच्या माणसासमोर पोस्टकार्डाएवढं चित्र ठेवलं तर तो "छान आहे" म्हणून पुढे जाईल. पण डंपरचं चाक माणसाहून उंच असतं, हे चित्रात सांगायचं तर चित्रही माणसाहून उंच पाहिजे. भिंतच भरून टाकली तर त्याला पळायला जागा उरत नाही. मोठेपणा हा त्या चित्राचा अलंकार नाही, मजकूर आहे.

दुसरं मत मात्र याच्या उलट. दालनाचं दार सगळ्यांना उघडं असतं पण सगळ्यांना तसं वाटत नाही. मी तरुणपणी ट्रेनिंगसाठी मुंबईला होतो. काळा घोड्याला जहांगीर आर्ट गॅलरी आहे, १९५२ पासूनची. आत जायला पैसे लागत नाहीत. तरी मी दोन रविवार बाहेरूनच परत आलो. वाटायचं, कोणी विचारलं 'तुम्हाला यातलं काय कळतं' तर काय सांगायचं? तिसऱ्या रविवारी पाऊस आला म्हणून आत शिरलो. कोणीही काही विचारलं नाही. पण मी तर पदवीधर, पँट-शर्ट घातलेला, बँकेतला माणूस. ज्याच्या बोटात कोळसा मुरलाय तो त्या दारातून आत जाईल का? त्याच्याच आयुष्यावरचं चित्र आत असलं तरी?

आणि आपल्या लोकांना कला कळत नाही असं कोणी म्हणू नये. दिवाळी झाली, धान निघालं की वडशापासून सुरू होतो झाडीपट्टीचा नाटकांचा हंगाम. गावोगाव मंडप, रात्रभर नाटक, थंडीत शाल पांघरून पाहणारी शेकडो माणसं. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीसाठी. या प्रेक्षकांना कोणी नाट्यशास्त्र शिकवलं? लालपेठकडे उघड्यावर पडलेली रायप्पाची मोठमोठी दगडी शिल्पं आहेत, ती दहा तोंडांची दुर्गा आहे. मंदिर कधी झालंच नाही, मूर्ती तेवढ्या राहिल्या. त्यांना ना छप्पर ना तिकीट. बायका जाता-येता हात जोडतात, पोरं अंगावर चढतात. भामरागड-एटापल्लीकडे माडियांच्या गावाबाहेर मेलेल्या माणसांच्या आठवणीत उभे केलेले दगड दिसतात. आपल्याकडे कला नेहमी उघड्यावर राहिली आहे. चार भिंतींत जाऊन तिला शांतपणे पाहायची सवय तेवढी आपल्याला नाही.

या बाबतीत जिव्या सोमा मशे यांची गोष्ट सांगण्यासारखी आहे. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे वारली चित्रकार. वारल्यांमध्ये लग्नाचा चौक सवाशिणी काढत, तांदळाच्या पिठाने, घराच्या भिंतीवर. तेही चित्र टिकण्यासाठी नसायचंच. लग्न झालं, पुढे भिंत सारवली, चित्र गेलं. सत्तरच्या दशकात भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार तिकडे फिरले, त्यांनी कागद दिला, आणि जिव्यांनी भिंतीवरचं कागदावर आणलं. १९७५ साली मुंबईत जहांगीरमध्ये त्यांची चित्रं लागली, १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार, २०११ साली पद्मश्री. कागदावर आलं म्हणून ते जगभर गेलं, आणि कागदावर आलं म्हणूनच आज ते चहाच्या कपावर आणि उशीच्या अभ्र्यावरही आलं आहे. दोन्ही खरं आहे. जिव्यांनी भिंत कागदावर आणली. प्रभाकर पाचपुतेने उलटं केलं. हातात कागद, कॅनव्हास सगळं असताना तो भिंतीकडे गेला. कागद विकला जातो आणि कोणाच्या तरी दिवाणखान्यात जाऊन बसतो. भिंत कोणाच्या दिवाणखान्यात जात नाही.

आता थोडं वेल्सबद्दल. २०२१ साली कार्डिफ शहरात 'आर्टेस मुंडी' नावाचं मोठं पारितोषिक जाहीर झालं. कोरोनाचा काळ होता. परीक्षकांनी ठरवलं की एकाला देण्याऐवजी सहाही चित्रकारांना द्यायचं, प्रत्येकी १० हजार पौंड. त्या सहांत प्रभाकर पाचपुते होता. तिथे त्याने वेल्सच्या खाणकामगारांचा इतिहास आणि आपल्या इकडचा इतिहास समोरासमोर आणला. कामगारांच्या मोर्चांची निशाणं, मुठी, अवजारं. मला यात नवल वाटलं नाही, कारण वेल्स म्हणजे दुसरं चंद्रपूरच. तिथे ॲबरफॅन नावाचं गाव आहे. २१ ऑक्टोबर १९६६ रोजी खाणीतून काढून डोंगरावर रचलेला ढिगारा पावसाने घसरला आणि शाळेवर आला. १४४ माणसं गेली, त्यांतली ११६ मुलं. आपल्या मातीच्या डोंगरांजवळून जाताना मला हे गाव आठवतं.

आणि वेल्सचीच दुसरी गोष्ट, ही खास आपल्या सोसायटीसाठी. टॉवर कोलियरी नावाची खाण सरकारने १९९४ साली बंद केली. २३९ कामगारांनी नोकरी गेल्याचे जे पैसे मिळाले त्यातले प्रत्येकी ८ हजार पौंड काढले, खाण विकत घेतली आणि जानेवारी १९९५ पासून स्वतः चालवली. कोळसा संपेपर्यंत, २००८ पर्यंत चालवली. सहकारी तत्त्वावर कोळशाची खाण! आणि आपल्याकडे पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीसाठी वर्गणी गोळा करायला तीन सर्वसाधारण सभा लागतात. (हशा.) हसा, पण सिंकिंग फंडाचा विषय पुढच्या सभेत आहे.

आता चंद्रपूरला परत येतो. आपल्याकडे सार्वजनिक भिंती रंगवल्या गेल्या नाहीत असं नाही. चंद्रपूर आणि बल्लारशाह ही दोन रेल्वे स्थानकं रंगवली गेली, ताडोब्याचं जंगल, वाघ, पक्षी, आदिवासी चित्रं, आणि २०१८ साली रेल्वेच्या सुंदर स्थानकांच्या स्पर्धेत त्यांना देशात पहिलं बक्षीस मिळालं. चांगलीच गोष्ट झाली. गाडीची वाट पाहणारा माणूस आधी नुसता थुंकायचा, आता निदान भिंतीकडे पाहून थुंकायचं थांबतो. पण तुम्ही कधी मोजलंय, आपल्या गावात भिंतीवर, चौकात, कमानीवर, दुभाजकावर किती वाघ आहेत? जंगलात दिसणार नाहीत इतके. वाघाला माझा विरोध नाही. पण पहाटे पाच वाजता डबा घेऊन पाळीला निघणारा माणूस एका तरी भिंतीवर दाखवा. तेंदूपत्ता बांधणारी बाई दाखवा. वाघ पाहायला पर्यटक येतात, म्हणून वाघ काढतो आपण. खाणीतला माणूस पाहायला कोण येणार? पण व्हेनिसला लोक आले की!

आता ज्या कारणासाठी मी हा विषय घेतला ते सांगतो. आपल्या बी विंगमधली एक मुलगी आहे. नाव घेत नाही, तिला ओशाळल्यासारखं होईल. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, दोन्ही ग्रेड परीक्षांत 'अ' श्रेणी. दहावीला त्याचे वाढीव गुण मिळाले तेव्हा घरात पेढे वाटले. आता बारावी झाली आणि ती म्हणते मला चित्रकलाच शिकायची आहे, तर घरात अबोला. वाढीव गुणांपुरती चित्रकला चालते, पुढे नको. तिचे वडील माझ्याकडे आले. म्हणाले, "काका, तुम्ही बँकेतले, तुम्हीच तिला समजवा." मी म्हटलं, समजवतो, पण आधी तुमचं काय म्हणणं आहे ते सांगा. ते बराच वेळ बोलले, आणि मला त्यांचा राग आला नाही. स्वतः कंत्राटी नोकरीवर दहा वर्षं काढलेला माणूस आहे. मुलीने निश्चित पगाराच्या मागे जावं असं त्यांना वाटणं यात चूक काय? त्यांनी मला शेवटी विचारलं, "एखादा तरी दाखवा, आपल्या इकडचा, ज्याचं यात झालं." तेव्हा मी हे नाव सांगितलं. तेही त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकत होते.

मी त्यांना खोटी आशा दाखवली नाही. म्हटलं, एक प्रभाकर पाचपुते व्हेनिसला जातो तेव्हा त्याच्याबरोबर शिकलेली पुष्कळ मुलं कुठे शाळेत चित्रकला शिक्षक असतात, कुठे जाहिरातीत, कुठे काहीच नसतात. हे धरून चाला. पण इंजिनीअरिंगचंही आज तेच आहे, आणि त्यासाठी तुम्ही विचार न करता कर्ज काढलं असतं. नागपूरचं शासकीय चित्रकला महाविद्यालय आहे, खैरागड आहे. शुल्क इतर शिक्षणापेक्षा कमी. शैक्षणिक कर्जाला ४ लाखांपर्यंत तारण मागत नाहीत, अभ्यासक्रम मान्यताप्राप्त पाहिजे एवढंच. हप्ते शिक्षण संपल्यावर सुरू होतात. कागद मी भरून देतो, माझा जुना धंदाच आहे तो. ते म्हणाले, विचार करतो. फॉर्मची तारीख अजून गेलेली नाही. ते इथेच बसले आहेत, मी त्यांच्याकडे पाहत नाही.

आणि दुसरी गोष्ट भिंतीची. रस्त्याच्या बाजूची आपली कंपाउंडची भिंत, तिचा वापर लोक कशासाठी करतात ते सगळ्यांना माहीत आहे. समितीपुढे सूचना आली आहे की देवांच्या टाइल्स लावाव्यात, म्हणजे तो प्रकार थांबेल. माझा याला स्पष्ट विरोध आहे. देवाला आपण वॉचमनच्या ड्यूटीवर लावतो, आणि तीही विनापगारी. त्याऐवजी ती भिंत रंगवून घ्या, रीतसर पैसे देऊन. 'प्रसिद्धी मिळेल' असं सांगून मुलांकडून फुकट काम करून घेऊ नका. प्लंबरला आपण प्रसिद्धी देतो का? आणि वाघ काढायचाच तर एक काढा. बाकी जागेत या सोसायटीत जी माणसं राहतात त्यांची कामं दिसू द्या. वीज केंद्रातले आहेत, पेपर मिलमधून निवृत्त झालेले आहेत, खाणीतले आहेत, शिक्षिका आहेत, नर्स आहेत. बाहेरच्या भिंतीला मात्र कोळसा चालणार नाही, पहिल्याच पावसात वाहून जाईल, तिथे बाहेरचा पक्का रंगच पाहिजे.

कोळसा चालेल तो इथे, या सभागृहात. तुम्हाला माहीत आहे की दिवाळीनंतर या सभागृहाला रंग द्यायचं अंदाजपत्रकात मंजूर आहे. म्हणजे ही उजवीकडची भिंत तशीही रंगवली जाणारच आहे. माझी विनंती समितीने मान्य केली आहे, त्याबद्दल अध्यक्षांचे आभार. रंगाचं काम सुरू होण्याआधी एक महिना ही भिंत बी विंगमधली ती मुलगी आणि तिच्याबरोबर ज्यांना यायचं असेल त्या मुलांच्या ताब्यात. आधी पांढऱ्या चुन्याचा एक हात, मग चारकोल. मी भिंत मोजली आहे, लांबी ३४ फूट, उंची साडेनऊ. शिडी वॉचमनकडे आहे, तिची खालची एक पायरी हलते, ती आधी ठोकून घेतो. चारकोलच्या कांड्यांचा खर्च माझ्याकडे. मुलांनी काय काढायचं ते मुलं ठरवतील. मी सुचवणार नाही आणि कट्ट्यावरच्या मित्रांनीही जाऊन सूचना देऊ नयेत, विशेषतः नाक लांब झालं वगैरे. महिनाभर सभागृहाचं दार संध्याकाळी सहा ते नऊ उघडं राहील, आपल्याकडे कामाला येणाऱ्या बायका, ड्रायव्हर, समोरच्या टपरीवाले, सगळ्यांना आत येऊन बघता येईल. चपला बाहेर काढायची गरज नाही. मग दिवाळीनंतर रंगारी येतील आणि ठरल्याप्रमाणे भिंत रंगवतील.

तोपर्यंत एकच करा. उजव्या बाजूच्या खुर्च्या भिंतीला टेकवून ठेवू नका, डोक्याच्या तेलाचे डाग पडतात आणि त्यावर कोळसा धरत नाही.